मिरचीचा चटका मोजायला पुण्याला

मी पुण्याला मिरचीसाठी गेले होते असं सांगितलं की नागपुरात लोक आधी हसतात आणि मग रागावतात. आमच्या कळमन्याच्या बाजारात मिरचीचे डोंगर लागतात, भिवापूरची मिरची घराघरांत असते. ती सोडून पुणं? विभागातल्या एका सहकाऱ्याने तर निघायच्या आदल्या दिवशी विचारलं, "मॅडम, तिकडे मिरचीसुद्धा गूळ घालून विकतात म्हणे, खरं का?"

खरं कारण मिरची नव्हतं, यंत्र होतं. मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते आणि माझ्या संशोधनाचा विषय वेदना हा आहे. मिरची खाल्ल्यावर तोंड भाजलं असं आपण म्हणतो, ते अगदी शब्दशः बरोबर आहे. उष्णता कळवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर जो दरवाजा असतो, तोच मिरचीतलं तिखट द्रव्य उघडतं. मेंदूला बातमी पोचते ती आगीची. हा दरवाजा सारखा उघडत राहिला की ते टोक थकतं आणि बातमी पाठवायचं बंद करतं. गुडघेदुखीवर मिरचीचं मलम चालतं ते याच कारणाने. आधी जळजळ होते, मग आराम पडतो. माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक साधा प्रश्न होता: ज्यांचं आयुष्यच मिरचीच्या पोत्यांत जातं, त्यांना चटका उशिरा कळत असेल का?

चटका मोजायचं यंत्र परदेशात बनतं. मी शिकत होते तेव्हा असं काही मागवायचं तर परवानग्या मिळेपर्यंत संशोधनाचा विषयच शिळा व्हायचा. आता आयातीची दारं उघडली होती आणि हडपसरला नव्याने निघालेल्या एका खासगी प्रयोगशाळेने ते यंत्र घेतलं होतं. त्यांना मिरचीचं मलम बाजारात आणायचं होतं. यंत्र त्यांचं, प्रश्न माझा आणि हात मार्केट यार्डातल्या हमालांचे, असं ठरलं. दोन्हीकडच्या समित्यांनी होकार दिला आणि मी गाडीत बसले.

हडपसर

उतरले भाचीकडे. अश्विनी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या इमारतीला लिफ्ट, जिम, पोहण्याचा तलाव सगळं होतं, आणि मागच्या खिडकीतून पाहिलं तर ऊस. घरमालक त्याच मातीतले, जमीन बिल्डरला देऊन बदल्यात फ्लॅट घेतलेले. सकाळी जिन्यात भेटले तेव्हा मी उसाबद्दल विचारलं. "त्यो तेवढा ठिवलाय," ते म्हणाले, "पोरं म्हंत्यात इका. म्या म्हनलं, सकाळी उठून बघायला काय तरी पायजे का नको?"

अश्विनीचे साहेब अमेरिकेत, त्यामुळे तिचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. चहाची पावडर शोधताना मी तिचा एक खण उघडला तर आत वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्याच पट्ट्या.

"अगं, हे काय? दुकान काढलंस का?"

"मावशी, चिल. मान दुखते ना. ही मीटिंगच्या आधी घ्यायची, ही घरी आल्यावर. टीममध्ये सगळेच घेतात."

"मान का दुखते ते कुणाला दाखवलंस?"

"त्याला वेळ कुठाय? गोळीने थांबतं की."

मी तिला मूत्रपिंडावर छोटं व्याख्यान दिलं. तिने ते मोबाइलवर मेसेज वाचत वाचत ऐकलं. चहा मात्र तिने छान केला.

प्रयोगशाळेत माझी गाठ संकेतशी पडली. तो तरुण शास्त्रज्ञ, यंत्र त्याच्या ताब्यात. यंत्र दिसायला अगदी साधं: नाण्याएवढी धातूची चकती, ती मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला बांधायची. चकती हळूहळू तापत जाते. ऊब संपून दुखायला लागलं असं वाटलं की बटण दाबायचं, लगेच ती गार होते. बटण दाबलंच नाही, तर कातडी भाजायच्या आत यंत्र स्वतःच थांबतं. आधी मी स्वतःवर करून पाहिलं. वर्षानुवर्षं वेदनेवर शिकवणारी बाई चकती जरा तापल्याबरोबर ओरडली. संकेतने आदराने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

दुपारी त्याने मिसळ खायला नेलं. मी नागपूरच्या तोऱ्यात वाढप्याला म्हटलं, "भाऊ, तर्री जास्त आण जरा." आमच्याकडे पोह्यांवरसुद्धा तर्रीचा पूर येतो. वाढप्या थांबला, माझ्याकडे शांतपणे बघून म्हणाला, "जास्त मिळत नाही बाई. पुरेशी मिळते." आणि गेला. संकेत म्हणाला, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, हे प्रेमाने होतं." मिसळ चांगली होती. मला जरा फिकी वाटली, पण तसं तिथे बोलायची माझी छाती झाली नाही.

मार्केट यार्ड

गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या फाटकातून आत शिरलं की नाकालाच कळतं आपण कुठे आहोत ते. एका बाजूने गूळ, मग हळद, आणि मग एकदम घशात काहीतरी अडकतं आणि माणूस शिंकायला लागतो. तो मिरचीचा भाग. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, गुंटूर अशी पोती छतापर्यंत रचलेली. खाली बायका गोल करून बसलेल्या, देठं खुडत. त्यांच्या तोंडाला पदर बांधलेले, बोलणं अखंड चालू. मी शिंकांनी बेजार, आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीने गुळाचा खडा दिला. "चघळा बाई, बरं वाटंल." बरं काही वाटलं नाही, पण गूळ उत्तम होता.

ज्या गाळ्यात आमचं काम होतं तिथल्या शेठजींनी माळ्यावरची खोली मोकळी करून दिली होती. हमालांचे मुकादम ज्ञानोबा, पिळदार मिशा, डोक्याला मळकं मुंडासं. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की हात कसा तपासणार, दुखलं की बटण दाबायचं, नको वाटलं तर कधीही उठून जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच तिथे कुस्तीचा फड सुरू झाला. पहिला गडी बसला तशी दाराशी गर्दी झाली. "दाबू नगं रं! दाबू नगं!" गडी लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी बटण दाबेना. दुसऱ्याने त्याच्यापेक्षा जास्त दम काढला आणि शिट्ट्या वाजल्या.

"अहो, ही कुस्ती नाही," मी ओरडले. "दुखेल तिथे दाबायचं!"

"तसं आधी दाबलं तर मानूस नाव ठिवतंय की बाई," ज्ञानोबा म्हणाले.

तो सगळा दिवस वाया गेला. आकडे कचऱ्यात टाकायच्या लायकीचे. दुसऱ्या दिवशी आम्ही दार लावून घेतलं, एकेकालाच आत घेतलं, आणि मी प्रत्येकाला म्हटलं की जो तिन्ही वेळा एकाच ठिकाणी बटण दाबील तो खरा पक्का. मग मात्र कामाला चाल आली. देठं खुडणाऱ्या बायकांनी तर पहिल्यापासून चोख काम केलं. त्यांच्यातल्या कौसाबाईंनी चकती तापताच बटण दाबलं आणि म्हणाल्या, "दुखतंय ते दुखतंय. त्यात काय लपवायचं?"

या कौसाबाईंचा नवरा तिथेच हमाल. त्याला मी मारुती म्हणते. दोघांचीही खरी नावं ही नाहीत, आणि हे सगळं लिहायला दोघांची परवानगी घेतली आहे. लातूरकडचं कुटुंब, दुष्काळात पुण्याला आलं आणि इथेच राहिलं. मारुती पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, थोडा अबोल. उजवा हात पुढे करून तो खिडकीतून खाली टेम्पोकडे बघत बसला. चकती तापत गेली. पडद्यावरची रेघ चढत गेली. मारुती म्हणाला, "त्या टेम्पोवाल्यानं वाटच अडवलीया बगा." रेघ आणखी चढली आणि यंत्र खट् करून आपोआप थांबलं.

"दुखलं नाही?" मी विचारलं.

"सुरू झालं व्हतं व्हय?"

संकेतचे डोळे चमकले. त्याने इंग्रजीत मला हळूच म्हटलं की आपण जे शोधत होतो ते हेच: मिरचीने पूर्ण थकवलेली कातडी. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मी चकती त्याच्या डाव्या हाताला बांधली. डाव्या हाताने त्याने अगदी इतरांसारखं, वेळेवर बटण दाबलं. मिरची काय एकाच हाताला लागते?

मी चकती काढून त्याचा उजवा हात उजेडात धरला. जिथे चकती बांधली होती, नेमका तिथेच एक फिकट, कोरडा डाग होता, रुपयापेक्षा मोठा. करंगळीच्या बाजूला अर्धवट भरलेला फोड. "हे कशाने?"

"सायलेन्सर लागला आसंल. ध्यानात न्हाई."

रुग्ण तपासण्याची सवय सुटून मला खूप वर्षं झाली होती. माझे रुग्ण म्हणजे पांढरे उंदीर आणि आलेख. पण विद्यार्थिदशेत शिकलेलं बोटं विसरत नाहीत. मी त्याचा कोपर वाकवला आणि हाडामागची नस चाचपली. ती दोरीसारखी जाड लागली. पर्समधला कापूस काढून त्याचे डोळे मिटायला सांगितले आणि डागावर फिरवला. तो गप्प. जरा बाजूला फिरवला. "हां, आत्ता कळलं," तो म्हणाला.

दाराबाहेर ज्ञानोबा आणि बाकीचे वाट बघत होते. मी म्हटलं, "मारुतीराव, यंत्र जरा बिघडलंय वाटतं. उद्या परत बघू. कौसाबाईंना घेऊन या."

तो गेल्यावर संकेत म्हणाला, "मॅडम, बिघडलंय कुठे? अहो, हीच तर आपली केस आहे!"

"ही केस नाही, पेशंट आहे. मला कुष्ठरोग वाटतोय."

तो खुर्चीत बसला. संध्याकाळी त्याच्या साहेबांचा फोन आला. संकेतने आलेख आधीच पाठवून ठेवला होता आणि साहेब खूश होते. असा एक आलेख पुढे ठेवला की मलमाचं सगळं सांगणं सोपं होतं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं की नस रोगाने मेली असेल तर तिचं श्रेय मिरचीला देता येणार नाही. ते म्हणाले, "रोगाचं निदान अजून झालेलं नाही ना?" मी म्हटलं, "होईपर्यंत हा आलेख अभ्यासातून बाहेर, आणि झाल्यावर कायमचा बाहेर. नाहीतर मी बाहेर." मग त्यांनी ठीक आहे म्हणून फोन ठेवला, आणि ते काही ठीक नव्हतं हे मला कळलं.

बुधवार पेठ

एकदा डॉक्टरांना हात दाखवू, असं मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा मार्केट यार्डापासून लांब भेटायचं म्हणून मारुतीनेच दगडूशेठच्या देवळाची जागा सुचवली होती. पलीकडच्या गल्लीत, पुस्तकांच्या आणि रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, माझ्या वर्गमित्राचा दवाखाना आहे. गोडबोले त्वचारोगतज्ज्ञ. जिन्यात पाटी: 'डॉक्टर आत आहेत. हाका मारू नयेत.' खाली दुसरी: 'चप्पल कुठे काढावी हे विचारू नये. इथेच काढावी.' माझ्या वर्गात हा सगळ्यांत हळवा मुलगा होता, हे सांगून कुणाला पटायचं नाही.

गोडबोलेने बराच वेळ तपासलं, डागाच्या कडेची कातडी किंचित खरवडून काचपट्टीवर घेतली, आत जाऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहून आला आणि सरळ सांगितलं. कुष्ठरोग. सुरुवातीचा. गोळ्यांनी बरा होणारा. गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट. तुमच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती जवळजवळ नाही.

मारुती एकदम उठून उभा राहिला. कौसाबाई बसूनच होत्या. त्यांनी विचारलं, "शेजारनी इचारतील कसल्या गोळ्या, तर काय सांगू?"

"शेजारणी घेणार आहेत का गोळ्या?" गोडबोले म्हणाला.

"न्हाई."

"मग त्यांना कशाला सांगायचं?"

कौसाबाई पदराआड हसल्या. मारुती हसला नाही. तो माझ्याकडे वळला. "बाई, मला काय बी दुखत न्हाई. एक दीस खाडा न्हाई माझा. ज्याला दुखत न्हाई त्याला आजारी कसं म्हंता?"

"दुखत नाही हाच आजार आहे, मारुतीराव," मी म्हटलं. "दुखणं ही शरीराची राखण आहे. त्या बाजूचा राखणदार झोपलाय. सायलेन्सर लागला, कातडी भाजली, तुम्हाला पत्ता नाही. उद्या बोटं वाकडी होतील."

"पोरीचं जमवलंय आमी," तो म्हणाला. "हे नाव तिकडं गेलं तर मोडतंय. मुकादमाला कळलं तर पोत्याला हात लावून देनार न्हाई. तुमचं काय, तुमी उद्या नागपूरला." आणि तो जिना उतरून गेला. कौसाबाई चपला हातात घेऊनच त्याच्यामागे धावल्या.

मी तिथेच बसून राहिले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गोडबोलेने चहा मागवला. "येईल," तो म्हणाला. "किंवा नाही येणार." पुण्यात धीर असा देतात.

पुन्हा मार्केट यार्ड

दुसऱ्या दिवशी मारुती कामावर आला नाही. ज्ञानोबांनी दोनदा विचारलं, "काय म्हनाला का तुमाला?" मी नाही म्हटलं. संकेतने मात्र न सांगता एक गोष्ट केली. यंत्र लावण्याआधी प्रत्येकाच्या दोन्ही हातांवर तो कापूस फिरवून बघायला लागला. "साहेबांना सांगितलंय, हे आता आपल्या पद्धतीचा भाग आहे," तो म्हणाला.

जेवणाच्या वेळी कौसाबाई माळ्यावर आल्या. त्यांनी दार लावून घेतलं.

"काल सांजच्याला त्यांना म्या समोर बशिवलं," त्या म्हणाल्या. "म्हनलं, डोळं मिटा. त्या दागतराचा कापूस माज्याकडं कुठला? केरसुनीची काडी घेतली. आधी डाव्या हाताला टोचली. म्हनले, हां. परत टोचली, हां. मग उजव्या हाताला टोचली, त्या डागावर. एकदा, दोनदा, लई डाव टोचली. थोडं रगात बी आलं बाई. मला रडू यायलं, पर आवाज काडला न्हाई."

"मग?"

"मग ते म्हनले, कवा सुरू करतीस?"

खोलीत आम्ही दोघीच होतो आणि खालून पोती टाकल्याचे धप्प आवाज येत होते.

"म्या म्हनलं, डोळं उगडा. त्यांनी रगात बघितलं. लई येळ बघत बसले. मग म्हनले, कुटल्या दवाखान्यात जायचं ते त्या बाईला इचारून ये."

मारुती खाली फाटकाबाहेर रिक्षात बसला होता. आम्ही तिघं महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. गोडबोलेची चिठ्ठी होती. तिथल्या परिचारिकेने एकही प्रश्न जास्तीचा विचारला नाही. पाण्याचा पेला पुढे केला आणि पहिल्या गोळ्या आपल्यासमोर घ्यायला लावल्या. नसेची सूज उतरायला वेगळं औषध दिलं. कौसाबाईंची आणि मुलांची तपासणी कधी करायची तेही सांगितलं. बाहेर आल्यावर मारुती म्हणाला, "लाल हुईल म्हनल्या लघवी. घाबरायचं न्हाई म्हनल्या." मी म्हटलं, "हो, औषधानेच होते." त्या विषयावर तो माझ्याशी एवढंच बोलला. मग त्याने रिक्षावाल्याला मार्केट यार्ड सांगितलं, कारण दुपारच्या गाड्या यायच्या होत्या.

नागपूर, आणि एकदा पुन्हा पुणं

माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवं असेल तर ते असं: मिरचीत काम करणाऱ्यांना चटका थोडा उशिरा कळतो, पण मला वाटलं होतं तेवढा उशिरा नाही. प्रयोगशाळेला हे फारसं आवडलं नाही. मलम त्यांनी बाजारात आणलं, त्याच्या वेष्टनावर हमाल नाहीत, गुडघा धरून बसलेले आजोबा आहेत. अश्विनीने मान डॉक्टरांना दाखवली. खुर्ची बदलली, खण अजून रिकामा झालेला नाही.

पुढच्या वर्षी मारुतीच्या मुलीचं लग्न होतं, आणि मी गेले. हडपसरच्या पुढे एका कार्यालयात मांडव होता. मारुतीचं औषध पूर्ण झालं होतं. गोडबोलेने मध्ये फोनवर सांगितलं होतं की रोग गेला, डाग फिका पडला, कडेची थोडी जाणीव परत आली, पण मधली येणार नाही. जेवढी नस मेली ती मेली. बोटं मात्र सरळ राहिली होती. कौसाबाई, मुलं, कुणालाच काही नव्हतं. ज्ञानोबा मुलीकडच्या माणसांना मोठ्या आवाजात बोलावून पंगतीला बसवत होते. त्यांना काही कळलं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

मारुती नवा फेटा बांधून स्वतः वाढायला उभा होता. आमटीचं पातेलं चुलीवरून नुकतंच उतरवलं होतं. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, चार पदरी केला, उजव्या हाताला नीट गुंडाळला आणि मग त्या हाताने पातेल्याची कडी धरली. नवरदेवाचा कुणी काका शेजारी उभा होता. तो हसून म्हणाला, "पाव्हनं, हमालाचं हात तुमचं, आन् फडकं कशाला?"

मारुतीने पातेलं उचललं.

"गरम हाय ते," तो म्हणाला, आणि पंगतीत शिरला.